शिगवण बाईंचा रिपोर्ट

संचिता शिगवणला भूपेशची जिरवायची होती, म्हणून ती कॉम्प्युटर दुरुस्ती शिकली. कुणी विचारलं की ती घराला हातभार, मुलीचं शिक्षण असलं काहीबाही सांगते. ते खोटं नाही. पण वयाच्या अडतिसाव्या वर्षी, विशी-बाविशीच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून ती बसली ती एका माणसाला त्याच्या जागेवर नेऊन आपटण्यासाठी. तिच्या नवऱ्याला, अमोलला, हे पक्कं ठाऊक होतं. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करून तो घरी यायचा आणि बायको भाजी चिरताना भूपेशचं नाव घेतेय हे ऐकून मुकाट्याने हातपाय धुवायला जायचा.

झालं होतं असं. मीरा रोडच्या एका खासगी शाळेत संचिता अकरा वर्षं क्लार्क होती. दाखले, हजेरीपत्रकं, निकाल, सगळं तिच्या हाताखालून जायचं. शाळा उभी होती ती नाथाशेठच्या जमिनीवर. नाथाशेठ घोडबंदरकडच्या चेणे गावचे, पूर्वीचे भातशेती आणि मिठागरवाले, ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांचा पुतण्या भूपेश शाळेचा प्रशासक. वय चौतीस, अंगाला कायम अत्तराचा वास, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायची सवय.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी संचिताने ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू केला तर एकही फाइल उघडेना. सगळ्या फाइलींच्या नावांपुढे भलतीच अक्षरं लागली होती, आणि पडद्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी होती: तुमच्या फाइलींना कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा. दहावीचे अंतर्गत गुण, अकरा वर्षांचे दाखले, सगळं गेलं. दुसरीकडे कुठे प्रत ठेवलेली नव्हती. प्रत ठेवायला हवी असं तिने दोनदा लेखी दिलं होतं, पण त्या पत्राची तिची प्रतही त्याच कॉम्प्युटरमध्ये होती.

पालक चवताळून आले. शनिवारी हॉलमध्ये सभा झाली. भूपेशने माईक हातात घेतला आणि दारापाशी उभ्या असलेल्या संचिताकडे बोट केलं.

"आमच्या क्लार्कबाई घरचा पेन ड्राइव्ह ऑफिसच्या मशीनला लावतात. त्यातून व्हायरस आला. ज्यांना माऊस धड धरता येत नाही, त्यांच्या हातात आम्ही तुमच्या मुलांचं भविष्य दिलं, ही आमची चूक. ती चूक आज सुधारली आहे."

आपल्याला कामावरून काढलंय हे संचिताला असं, तीनशे पालकांबरोबर कळलं. मागून एक बाई म्हणाली, "शरम नहीं आती?" संचिता काहीच बोलली नाही. तिची मुलगी सान्वी त्याच शाळेत सातवीत होती. सोमवारपासून वर्गात तिला 'व्हायरस' म्हणू लागले. पंधरा दिवस तिने काढले, मग एका सकाळी गणवेश घातला, बूट घातले आणि दारातच बसून राहिली. जूनमध्ये तिला दुसऱ्या शाळेत घातलं.

संचिता त्या दिवशी गप्प का बसली, हे तिने अमोललासुद्धा बरेच महिने सांगितलं नाही. आदल्या सोमवारी तिने खरोखरच पेन ड्राइव्ह लावला होता. सान्वीचा ज्वालामुखीचा प्रोजेक्ट छापायचा होता, चार पानं. भूपेशने पेन ड्राइव्हचं नाव काढलं तेव्हा तिला ती चार पानं आठवली. कदाचित आपणच केलं असेल. या 'कदाचित'ने तिचं तोंड शिवून टाकलं. रागाला धार होती, पण तो राग धरायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. असा राग माणसाला आतून पोखरतो. ती रस्त्यात उगाचच लोकांवर खेकसायची. भूपेशची गाडी दिसली की तिच्या हाताची मूठ वळायची आणि तासभर सुटायची नाही.

भाईंदरच्या जेसल पार्कात एका फरसाणवाल्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, कॉम्प्युटर सपोर्टचा सहा महिन्यांचा वर्ग चालायचा. मशीन उघडणं, जोडणं, विंडोज टाकणं, नेटवर्क, प्रिंटर, आणि फोनवरून ग्राहकाची अडचण सोडवणं. शिकवणारी मिनल सव्वीस वर्षांची गुजराती मुलगी, मराठी-हिंदीची खिचडी करून भराभरा बोलणारी. पहिल्या दिवशी पोरांनी संचिताला "आंटी, पालकांनी बाहेर बसायचंय" असं सांगितलं. ती आत जाऊन पहिल्या बाकावर बसली.

सरावासाठी प्रत्येकाला एक जुनं मशीन मिळालं. संचिताने आपल्या मशीनला भूपेश नाव दिलं. "आज भूपेशचा पंखा काढला," ती घरी येऊन सांगायची. "आज भूपेशची मेमरी उपटली, तरी मेला चालूच होईना." सान्वी पहिल्यांदा हसली ती या बोलण्यावर. सुरुवातीला संचिताला मशीन उघडायलाच तास लागायचा. स्क्रू हरवायचे, एकदा तिने केबल उलटी घुसवून पिन वाकवली. पोरं एकदा बघून शिकायची, तिला चार वेळा करावं लागायचं. पण ती चार वेळा करायची. वहीत आकृत्या काढायची, प्रत्येक भागाला बाण, बाणापुढे मराठीत काम. तिसऱ्या महिन्यात पोरं तीच वही मागायला लागली आणि आंटीची ताई झाली.

फोनच्या सरावात मात्र तिची दांडी उडायची. मिनल चिडक्या ग्राहकाचं सोंग घ्यायची.

"तुम्हाला काही येतं का? सकाळपासून माझं काम अडलंय!"

"आवाज खाली करा," संचिता म्हणायची. "मी तुमची नोकर नाही."

वर्ग हसून लोळायचा. मिनल हसत नसे. एकदा तिने संचिताला थांबवून घेतलं.

"ताई, तुम्ही फोन उचलता ना, तेव्हा भांडण जिंकायला उचलता. समोरचा कोण आहे, मला नाही माहिती. पण तो इथे नाहीये हां. शांत माणूसच सामनेवाल्याकडून सगळं काढून घेतो. चिडला की तुमचं संपलं."

हे संचिताने मनावर घेतलं, पण मिनलला वाटलं तसं नव्हे. शांत राहणं हेही हत्यार आहे, हे तिच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून ती अमोलला रोज संध्याकाळी दहा मिनिटं स्वतःला शिव्या घालायला लावायची. अमोल बिचारा मवाळ माणूस. "तुम्ही... तुम्ही फार वाईट सर्व्हिस देता," इतकंच त्याला सुचायचं. मग सान्वीने ते काम अंगावर घेतलं आणि तिला बरंच सुचायचं.

पाचव्या महिन्यात व्हायरसचा धडा आला. संचिताने हात वर केला.

"मॅडम, फाइलींना कुलूप लावणारा व्हायरस पेन ड्राइव्हमधून येतो?"

"येऊ शकतो. जास्त करून मेलमधून, नाहीतर फुकटचं काहीतरी डाउनलोड केलं तर."

"मग कुठून आला ते नंतर कळतं?"

"मशीन तसंच ठेवलं असेल तर बऱ्याचदा कळतं. फॉरमॅट मारला असेल तर गया."

वर्ग सुटल्यावर जिन्यातूनच संचिताने रुक्मिणीमावशींना फोन लावला. रुक्मिणीमावशी शाळेत आया होत्या, तिथल्या एकट्याच तिच्याशी अजून बोलणाऱ्या.

"मावशी, माझा जुना कॉम्प्युटर कुठाय?"

"तो व्हय? स्टोअररूममधी पडलाय, नकाशांच्या मागं. नवीन आणला ना सायबांनी. का गं?"

"काही नाही," संचिता म्हणाली आणि जिन्यात बसून राहिली.

वर्ग संपल्यावर तिला मीरा रोडच्याच एका सपोर्ट कंपनीत काम लागलं. आधी आठ महिने फोनवर. दिवसाला चाळीस चाळीस फोन. प्रिंटर चालत नाही म्हणून ओरडणारे, पासवर्ड विसरून तिलाच दोष देणारे. ती लोण्यासारखी बोलायची. "हो साहेब. समजलं साहेब. आता पडद्यावर काय दिसतंय साहेब?" मग तिला साइटवर पाठवू लागले. तिच्या वरचा प्रणय, हिशेबी बोलणारा, कामात चोख. एका सोमवारी त्याने नव्या ग्राहकांची यादी वाचली आणि तीत ती शाळा होती. वीस मशीनची देखभाल, शिवाय जुन्या सामानाची विल्हेवाट.

"ही मला द्या," संचिता म्हणाली.

कंपनीचा निळा टीशर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. भूपेशने केबिनमधून मान वर केली आणि क्षणभर डोळे बारीक केले.

"अरे! शिगवण बाई? तुम्हाला पाठवलं?" तो मोठ्याने हसला. "माऊस धरायला शिकलात वाटतं."

"शिकले साहेब," संचिता म्हणाली. "तुमचं मशीन बघू?"

तो चहाला गेला आणि संचिता त्याच्या खुर्चीत बसली. देखभालीसाठी कंपनीला सगळ्या मशीनचा मुख्य पासवर्ड मिळालेला होता. त्याचे मेल, त्याची कागदपत्रं, सगळं तिच्यापुढे उघडं पडलं होतं. तीन वर्षं तिने या घडीची स्वप्नं पाहिली होती. काय काय पुसायचं, कुठून सुरुवात करायची, कळणार नाही असं कसं करायचं, हे तिने वर्गात शिकता शिकता मनात पाठ केलं होतं. चार क्लिक. बोट माऊसवर होतं. बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालू होता.

आणि तिला लख्ख दिसलं की हे केलं तर त्याचं म्हणणं खरं होईल. शाळेचं मशीन बिघडवणारी बाई. तीन वर्षांपूर्वी त्याने तिला जे नाव ठेवलं, ते ती स्वतःच्या हाताने स्वतःवर गोंदवून घेईल. दयामाया तिच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. एवढ्या स्वस्तात त्याला सोडायचं नाही, इतकंच तिने ठरवलं. तिने अँटीव्हायरस अपडेट केला, प्रिंटर जोडला आणि स्टोअररूमची किल्ली मागितली.

भंगारात काढायच्या मशीनबाबत कंपनीचा नियम साधा होता. डिस्क काढायची, तपासायची, काय होतं त्याची नोंद करायची, ट्रस्टची सही घ्यायची आणि मगच पुसायची. नकाशांच्या मागे तिचा जुना कॉम्प्युटर होता. वर धुळीचा जाड थर, पण बाजूला सान्वीने चिकटवलेला फुलपाखराचा स्टिकर अजून होता. संचिताने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली.

तिने पहिल्यांदा आपल्या सोमवारच्या पेन ड्राइव्हची नोंद शोधली, कारण भीती तिथे होती. नोंद सापडली. सोमवार, सकाळी दहा. त्यानंतर मंगळवारी दुपारपर्यंत सगळ्या फाइली ठणठणीत. मग तिने ती खंडणीची चिठ्ठी शोधली. व्हायरस जिथे जिथे गेला त्या प्रत्येक फोल्डरमध्ये त्याने ती टाकली होती, आणि प्रत्येक चिठ्ठीवर वेळ होती. सगळ्यात पहिली चिठ्ठी मंगळवारी तीन वाजून सात मिनिटांची. याच कॉम्प्युटरवर त्याचं वेगळं खातं होतं, त्या 'भूपेश' नावाच्या खात्यात. त्याच फोल्डरमध्ये, तीन वाजून तीन मिनिटांनी उतरवलेला, क्रिकेटच्या मॅची फुकट दाखवणारा एक प्रोग्रॅम.

मंगळवार. त्या मंगळवारी संचिता ठाण्याला शिक्षण विभागात होती, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. हालचाल रजिस्टरात तिची सही होती. तिथे एक यादी कमी पडली म्हणून बारा वाजता तिने भूपेशला फोन केला होता आणि त्याने याच कॉम्प्युटरवरून ती मेलने पाठवली होती.

ती स्टोअररूमच्या फरशीवर बसून ढसाढसा रडली. किल्ली घेऊन आलेल्या रुक्मिणीमावशींनी दार लोटून घेतलं. तीन वर्षं जे 'कदाचित' घशात अडकलं होतं ते निघून गेलं, आणि मागे उरला तो नुसता राग. स्वच्छ, निखळ, हक्काचा.

रिपोर्ट लिहायला तिला तीन दिवस लागले. प्रणयने तो दोनदा वाचला.

"या शाळेशी तुमचा काही संबंध?"

तिने सगळं सांगितलं. प्रणयने डिस्क मागवून घेतली, स्वतः पहिल्यापासून तपासली आणि खाली सही केली. "एक वाक्य काढा," तो म्हणाला. "'हलकट माणसाने' असं लिहिलंय. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही." तिने ते वाक्य काढलं. रिपोर्ट आणखीनच जहरी झाला.

नाथाशेठ दर गुरुवारी शाळेत यायचे. पांढरा लेंगा, हातात काठी, ऐकायला जरा कमी. सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला.

"मना यातला काय कलत न्हाय. तू तोंडानं सांग."

संचिताने सांगितलं. सोमवार, मंगळवार, तीन वाजून सात मिनिटं. आवाज एकदाही चढला नाही. भूपेश शेजारी उभा होता.

"कॉम्प्युटरचं घड्याळ चुकीचं असेल," तो म्हणाला. "काका, ही बाई डूख धरून आलीय."

"डूख आहेच," संचिता म्हणाली. "म्हणून घड्याळ आधी तपासलं. त्याच मंगळवारी बाराला याच मशीनवरून ठाण्याला मेल गेला. मशीनमधली वेळ आणि मेलवरची वेळ एकच आहे. मेल तुम्ही पाठवलात, साहेब. मी तिकडे वाट बघत होते."

नाथाशेठनी हालचाल रजिस्टर मागवलं. कॉम्प्युटर त्यांना कळत नसला तरी रजिस्टर कळत होतं. सहीवर त्यांनी अंगठा ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

"त्या दिवशी ही हितं नव्हतीच?" त्यांनी पुतण्याला विचारलं. "आनि तुला ठावं व्हतं?"

भूपेश खिडकीबाहेर बघत राहिला. नाथाशेठनी काठी जमिनीवर आपटली.

"मॅच बघायला टाकलं होतं," तो अखेर म्हणाला. "काका, माझ्यावर आलं असतं तर ट्रस्टचं नाव खराब झालं असतं. मला वाटलं, यांना काय, मिळेल दुसरीकडे नोकरी."

हे ऐकून संचिताचं डोकं फिरलं. शिवी जिभेवर आली होती. तिने ती गिळली, कारण नाथाशेठ आता तिच्याकडे वळले होते.

"पोरी, तुला काय पायजे? जागा परत पायजे?"

"नको. पालकसभा घ्या. त्याच हॉलमध्ये. तोच माईक यांच्या हातात द्या. तेव्हा जे बोलले ते खोटं होतं, एवढं यांनी सांगायचं. माझं नाव घेऊन."

पुढच्या आठवड्यात भूपेशने तिला शाळेच्या फाटकापाशी गाठलं. अत्तराचा वास नव्हता.

"ताई, लेखी माफी देतो. घरी येऊन पाया पडतो. सभेत नको. माझी मुलगी पहिलीत आहे इथे."

"माझी सातवीत होती," संचिता म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

सभा शनिवारी झाली. संचिता निळा टीशर्ट घालून पहिल्या रांगेत बसली, बाजूला अमोल, मागे मिनल. सान्वीला विचारलं होतं. "मला त्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही," ती म्हणाली, आणि कितीही समजावलं तरी आली नाही.

भूपेशने माईक तोंडाला लावला आणि खाली बघत चार वाक्यं पुटपुटली. तीन वर्षांपूर्वीची घटना, काही गैरसमज, शिगवण मॅडम, खेद.

संचिता उभी राहिली.

"मागे ऐकू आलं नाही. आणि गैरसमज नव्हता."

भूपेशने काकांकडे पाहिलं. नाथाशेठ काठीवर हनुवटी टेकून बसले होते, जागचे हलले नाहीत.

"व्हायरस माझ्यामुळे आला," भूपेश म्हणाला. आता शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेले. "मला माहीत होतं. मी खोटं बोललो. संचिता शिगवण यांची काही चूक नव्हती."

"आता आलं," संचिता म्हणाली आणि बसली.

खरं सांगायचं तर हॉलमधल्या निम्म्याहून जास्त पालकांना हे काय चाललंय ते कळलंच नाही. तेव्हाची बरीच मुलं शाळा सोडून गेली होती, बरेच पालक नवे होते. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी बाजूच्याला विचारत होतं, "क्या हुआ था?" ज्या बाईने "शरम नहीं आती?" विचारलं होतं तिला संचिताने रांगांमधून खूप शोधलं. ती नव्हती. रुक्मिणीमावशी तेवढ्या दारापाशी उभं राहून टाळ्या वाजवत होत्या, एकट्याच, थांबायचं नाव न घेता.

भूपेशने महिन्याभरात शाळा सोडली. घोडबंदर रोडवर भावाचा लग्नाचा हॉल आहे, तिकडे बसतो म्हणतात. संचिताला त्याची दया आली का, असं मिनलने एकदा विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

सभेनंतर घरी आल्यावर तिने सान्वीला सगळं सांगितलं, भूपेशच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. सान्वी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्याने परत बोलायला किती वेळ घेतला?"

"बराच."

"किती?"

"मी दहा मोजले."

सान्वीने पुस्तक मिटलं. "अजून एकदा सांग," ती म्हणाली, आणि संचिता बाह्या सरसावून पहिल्यापासून सांगायला लागली.